पिल्लू घरी एकटं राहायला कसं शिकवायचं: नाशिकच्या फ्लॅटमधल्या लोकांसाठी सविस्तर

पिल्लू आणायचा सीझन आपल्याकडे एप्रिल-मे. पोरांना सुट्ट्या असतात, हट्ट पूर्ण होतो, दीड महिना घरात कोणी ना कोणी असतंच आणि पिल्लू दिवसभर कुणाच्या तरी मांडीवर. मग जूनमध्ये शाळा सुरू, आईबाबांचं ऑफिस, आजी गावी परत, आणि एके दिवशी सकाळी दहाला घर एकदम रिकामं. दुपारी शेजारच्या काकूंचा फोन येतो, "अगं, तुमचा टफी केव्हाचा रडतोय गं, काही लागलंय का त्याला?"

लागलेलं काही नसतं. घर असं रिकामं पण होतं हे त्याने कधी बघितलेलंच नसतं. एकटं राहणं शिकवावं लागतं, जसं शी-शू कुठे करायची ते शिकवतो तसंच, आणि गंमत अशी की ते तुम्ही घरात असतानाच शिकवायचं असतं, बाहेर गेल्यावर नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे. ज्यांची सुट्टी संपायला अजून तीन-चार आठवडे आहेत त्यांनी आजपासून चालू करा, ज्यांची संपलीये त्यांनीही आजपासूनच, फक्त त्यांना थोडी माणसांची जुळवाजुळव करावी लागेल.

आधी वय बघा, मग तास

दोन महिन्यांच्या पिल्लाला आठ तास एकटं ठेवायचा विचार असेल तर ट्रेनिंग वगैरे सोडा, ते शरीरालाच जमणार नाही. साधा अंदाज असा: पिल्लाचं वय जितके महिने त्यात एक मिळवा, तेवढे तास ते जास्तीत जास्त शू धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं तीन तास, चार महिन्यांचं पाच तास, आणि हा कमाल आकडा आहे, रोजचा नाही. जागं असताना आणि खेळताना तर तास-दीड तासातच लागते. मोठ्या कुत्र्यालाही सहा तासांच्या वर रोज रोज एकटं ठेवू नये असं माझं मत, कधीतरी आठ झाले तर ठीक.

त्यामुळे सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणारे दोघं नवराबायको असतील आणि घरात तिसरं कोणीच नसेल तर पिल्लू आणायच्या आधी दुपारचं माणूस ठरवा. नंतर नाही, आधी. कामाला येणाऱ्या मावशी कुत्र्यांना घाबरत नसतील तर त्यांची वेळ सकाळी नऊऐवजी दुपारी एक करून घ्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या, फुकटात गृहीत धरू नका. बिल्डिंगमधला एखादा कॉलेजचा मुलगा, खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड काका, घरापासून दहा मिनिटांवर ऑफिस असेल तर जेवायला घरी येणं, नाहीतर डे-बोर्डिंग, म्हणजे दिवसभर कुत्री सांभाळणारी जागा. डे-बोर्डिंगला टाकायचं तर एकदा न सांगता जाऊन बघा, कुत्री मोकळी आहेत का पिंजऱ्यात बांधून ठेवलीयत ते कळतं.

आणि पिल्लू दोन महिन्यांच्या आतलं घेऊच नका. आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं विकायला कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, तरी लोक "पस्तीस दिवसांचं आहे, छान मिसळेल घरात" असं म्हणून गळ्यात मारतात. आई आणि भावंडांपासून इतक्या लवकर तोडलेलं पिल्लू एकटं राहायला जास्त घाबरतं, आणि मग तुमचंच काम दुप्पट होतं.

रडतोय, कंटाळलाय की खरंच घाबरलाय?

हे ओळखल्याशिवाय पुढचं काही करू नका कारण तिन्हीचा उपाय वेगळा आहे. जुना मोबाईल शोधा, त्याचा स्पीकर बंद, दाराच्या दिशेने कॅमेरा करून टीव्हीच्या शेजारी उभा करा, त्यावरून स्वतःलाच व्हिडिओ कॉल लावा आणि आपल्याकडून म्यूट करून खाली पार्किंगमध्ये जाऊन बघत बसा. घरात आधीच वायफाय कॅमेरा असेल तर उत्तमच, पण त्यातून "टफी, रडू नको बेटा" असं बोलायचा मोह टाळा, बिचारं भिंतीभिंतीतून आवाज शोधत फिरतं आणि आणखी बावचळतं.

बघायचं काय? कंटाळलेलं पिल्लू आधी झोपतं, मग उठतं, इकडेतिकडे फिरतं, एखादी चप्पल शोधून मजेत कुरतडतं, शेपटी ढिली असते. तीन-साडेतीन महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे अठ्ठावीस दात जाऊन मोठे बेचाळीस येत असतात, हिरड्या सळसळतात, त्या काळात सोफ्याचा कोपरा खाल्ला म्हणजे घाबरला असं लगेच धरू नका. शूचं पण तसंच. तास जास्त झाले, कृमी झालेत, पोट बिघडलंय, लघवीला इन्फेक्शन आहे, अशी साधी कारणं आधी बघा, डॉक्टरांना दाखवा.

घाबरलेल्याचं चित्र वेगळंच असतं. तुम्ही गेल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात, बऱ्याचदा पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतं. दारापाशीच घुटमळतं, येरझाऱ्या, थंडी असली तरी धापा, तोंडातून लाळ गळून छाती ओली, दाराची चौकट किंवा खिडकीच ओरबाडलेली (कुशन नाही, बाहेर पडायच्या जागा), लांब सूर लावून रडणं आणि ते थांबतच नाही, वाढत जातं. आणि सगळ्यात सोपी खूण, एरवी ज्याच्यासाठी जीव टाकतं असा खाऊ समोर पडलेला असतो आणि त्याला तोंडही लावलेलं नसतं.

गेल्यावर मिनिट-दोन मिनिटं कुंईकुंई करून गोल फिरून झोपलं तर ते नॉर्मल आहे, त्याला काही करू नका.

जागा कुठली द्यायची

बाल्कनी नाही. हे मी ठळक करून सांगते कारण आपल्याकडे पहिला विचार तोच येतो, "बाल्कनीत ठेवू, हवा लागेल, शू पण तिथेच करेल". पश्चिमेची बाल्कनी मार्च ते मे दुपारी तव्यासारखी तापते, ग्रिलच्या फटीतून छोटं पिल्लू सहज निसटतं, आणि खालच्या रस्त्यावरची कुत्री, कबुतरं, भाजीवाला, सगळ्यांवर भुंकत दिवस जातो. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये साखळीने बांधून ठेवणं तर सोडूनच द्या. आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा म्हणून येतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी बांधलेलं घाबरलेलं पिल्लू स्वतःला इजा करून घेतं.

हॉलचा एक कोपरा प्लेपेनने (घडीच्या जाळीच्या कुंपणाने) अडवा किंवा एखाद्या खोलीच्या दारात बेबी गेट, म्हणजे छोटं बुटकं फाटक, लावा, म्हणजे दार बंद न करताही तो एका जागी राहतो. त्यात अंथरूण, पाणी (जड स्टीलचं पातेलं, प्लास्टिकचं उलटं करतात), शूची जागा झोपायच्या जागेपासून जमेल तितकी लांब. क्रेट म्हणजे पिंजरा वापरायचा का, यावर लोक भांडतात. माझं म्हणणं, आत आपणहून जाऊन झोपतं अशी सवय लागली असेल तर वापरा, नसेल तर कोंडून निघून जाऊ नका. काही पिल्लं मोकळ्या हॉलमध्ये शांत राहतात आणि कोंडलं की वेडी होतात, तुमचं त्यातलं असेल तर हट्ट सोडा.

मग गुडघ्यावर बसा आणि त्याच्या उंचीवरून खोली बघा, म्हणजे काय काय तोंडाला लागेल ते दिसेल. चार्जरच्या वायरी, फिनेल, मच्छरचं लिक्विड, उंदराच्या औषधाची वडी, कपाटातल्या डांबरगोळ्या, देवघराच्या खालच्या फळीवरचा कापूर. देवापुढे निरांजन पेटतं ठेवून बाहेर पडायचं नाही. आणि नाशिककरांसाठी खास दोन गोष्टी. एक, फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी ओळखीचा द्राक्षाची पेटी आणून देतोच आणि ती किचनच्या कोपऱ्यात जमिनीवर पडलेली असते. द्राक्षं, मनुके, बेदाणे कुत्र्यांच्या किडन्या निकामी करू शकतात, किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही, त्यामुळे चार खाल्ली तरी डॉक्टरांना फोन करायचा. दोन, कांद्याची गोणी. कच्चा असो की शिजवलेला, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लसणाचं पण तेच. चॉकलेट, आणि शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल हे बाकी ठिकाणी असतं तसं इथेही विषच.

घरात असतानाच सुरुवात

पिल्लू दिवसभर मागे मागे फिरतं, किचनमध्ये पायात, बाथरूमच्या दाराबाहेर, आणि आपल्याला ते फार गोड वाटतं. त्यात चूक काही नाही पण त्याला हेही कळायला हवं की माणूस दिसेनासा झाला तरी काही बिघडत नाही. त्याची वेळ निवडा, थकून पेंगुळलेलं असताना. पिल्लं दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतात, म्हणजे संधी भरपूर मिळतात.

जेवण झालं, शू झाली, खेळून झालं की त्याला गेटच्या आत अंथरुणावर सोडा, चघळायला काहीतरी द्या आणि तुम्ही गेटच्या बाहेर त्याला दिसेल असं खुर्चीत बसा. भाजी निवडा, मोबाईल बघा, त्याच्याकडे बघत बसू नका. हे दोन-तीन दिवस सहज जमलं की खुर्ची लांब. मग पाठ करून. मग उठून किचनमध्ये जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन लगेच परत. मग किचनमध्ये भांडी घासेपर्यंत. मग बाथरूमचं दार लावून पाच सेकंद. तो मान वर करून बघतो आणि परत खाली टाकतो, हे दिसलं की समजा पुढे जायला हरकत नाही. उठून गेटशी आला तर तुम्ही जरा घाई केलीत, पुढच्या वेळी कमी.

रात्रीची पण एक गोष्ट. पहिल्या दिवसापासून त्याला वेगळ्या खोलीत कोंडून "रडून रडून शिकेल" हे करू नका. पहिले काही आठवडे तुमच्या खोलीत, पलंगाशेजारी त्याचं अंथरूण, मग हळूहळू दाराकडे सरकवत न्या. रात्री शांत झोपलेलं पिल्लू दिवसा जास्त धीट असतं.

हेल्मेट, किल्ली, सेफ्टी डोअर

कुत्र्याला घड्याळ कळत नसलं तरी तुमची तयारी पाठ असते. मोजे, ड्रॉवरमधून गाडीची किल्ली, स्कार्फ बांधणं, हेल्मेट, डबा पिशवीत टाकणं, आणि शेवटी कडीचा आवाज. बऱ्याच पिल्लांचं रडं दार लागल्यावर नाही तर हेल्मेट उचलल्यावरच सुरू होतं. म्हणून या गोष्टी अधूनमधून उगाचच करा, हेल्मेट घालून सोफ्यावर बसा, किल्ली खिशात टाकून कपडे वाळत घाला. घरचे हसतील, हसू दे. फक्त एका दमात वीस वेळा करू नका, आधीच घाबरणाऱ्या पिल्लाला त्याने दिवसभर धसका बसतो. दिवसातून दोन-चारदा, सहज.

आता खरं दार. आपल्या फ्लॅटना दोन दारं असतात, बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर आणि आतलं लाकडी, आणि हे ट्रेनिंगला फार उपयोगाचं आहे कारण मधली पायरी आयती मिळते. क्रम साधारण असा ठेवा: कडीला हात लावून परत फिरा. कडी काढा, लावा. लाकडी दार उघडा, बंद करा, तुम्ही आतच. मग फक्त सेफ्टी डोअर ओढून बाहेर उभे राहा, तुम्ही त्याला जाळीतून दिसताय, दोन सेकंदात आत. हे अगदी बोअर होईपर्यंत, त्याला बोअर होईपर्यंत. मग लाकडी दार लावून एक सेकंद. तीन सेकंद. दहा. परत चार. पंधरा. परत सहा. आकडा सारखा चढता ठेवलात तर त्याला कळतं की प्रत्येक वेळी जास्तच होणार, म्हणून वरखाली करत राहायचं.

लिफ्टचा आवाज विसरू नका. दाराबाहेर उभे राहण्याला पिल्लू सरावतं पण लिफ्टचं दार वाजलं की "गेलीच!" म्हणून सुरू होतं, कारण त्याला तुमचा वास आणि पाऊल दाराशी कळत असतं. म्हणून एक मिनिटापर्यंत पोचलात की लिफ्ट बोलावणं, खाली जाऊन येणं, गाडी चालू करून बंद करणं हे सुद्धा वेगळे टप्पे समजा, आणि प्रत्येक नव्या टप्प्याला वेळ परत कमी करा.

एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरे, आठवड्यात चार-पाच दिवस. वहीत नुसतं लिहा, किती वेळ आणि शांत का नाही. पुढे जायचं की नाही हे त्या वहीवरून ठरतं, तुमच्या रजेवरून नाही. सगळ्यात कठीण असतात पहिली तीस-चाळीस मिनिटं. तिथपर्यंत सेकंदासेकंदाने, मिनिटामिनिटाने जावं लागतं, आणि मग ज्याला चाळीस मिनिटं शांत झोप लागली तो दीड तास पण झोपतो, तिथून मोठ्या उड्या मारता येतात.

रडलं तर आत जायचं का? "रडत असताना आत गेलात तर त्याला सवय लागेल" हे सगळे सांगतात, व्हॉट्सॅपवरचे काका तर हमखास. कुरकुर असेल आणि कमी होत असेल तर थांबा, मिटते. पण आवाज चढतोय, दार ओरबाडतोय, तर आत जा. घाबरणं ही काही युक्ती नाही जी तो तुमच्यावर चालवतोय, तासभर घाबरून राहिल्याने तो फक्त आणखी घाबरायला शिकतो, आणि शेवटी गप्प होतो तो दमून. आत जा, शांत होऊ द्या, आजचं ट्रेनिंग बंद, उद्या निम्म्या वेळेवर.

याच्यातला अवघड भाग दार नाहीये. अवघड हे आहे की ट्रेनिंग चालू असताना, त्याला जितका वेळ झेपतो त्याहून जास्त त्याला एकटं सोडायचं नाही. सकाळी पाच मिनिटांची प्रॅक्टिस करून दुपारी चार तास सोडलं तर सकाळचं सगळं पाण्यात. म्हणून ती वर म्हटलेली माणसं लागतात. आजीला थोडे दिवस जास्त थांबवून घ्या, दोघांच्या शिफ्ट उलटसुलट करून घेता येतात का बघा, रविवारी मिसळ खायला जायचं तर त्याला घेऊन जा नाहीतर पार्सल आणा. काही आठवड्यांचा प्रश्न असतो, काहींना दोन-तीन महिने.

खाऊ आणि खेळणी, पण मर्यादेत

पोकळ रबरी खेळणं मिळतं, काँग या ब्रँडसारखं, त्यात खाऊ भरून फ्रीझरमध्ये ठेवायचं. रात्री भरून ठेवलं की सकाळी तयार. आमच्याकडे चालणारं मिश्रण म्हणजे त्याचंच सुकं खाणं कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचं, त्यात चमचाभर गोड दही, थोडा उकडलेला लाल भोपळा, असलं तर बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन बारीक करून, आणि तोंडाशी गाजराचा तुकडा खुंटीसारखा दाबून बसवायचा म्हणजे सुरुवातीलाच थोडी मेहनत पडते. दह्याने पोट बिघडत असेल तर दही वगळा. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल नाही ना ते वाचा. आणि जेवढं यात भरलं तेवढं ताटलीतून कमी करा, नाहीतर लॅब्राडोर असेल तर दिवाळीपर्यंत पिंप होतो.

शिजवलेली हाडं द्यायचीच नाहीत, तुकडे होऊन टोचतात. छुर्पी, म्हणजे याकच्या दुधाचं वाळवलेलं कडक चीज, चांगली टिकते पण आधी तुमच्यासमोर देऊन बघा आणि तुकडा गिळण्याएवढा लहान झाला की काढून घ्या. कुठलंही नवं खेळणं पहिल्यांदा नजरेसमोरच.

एक मात्र लक्षात घ्या, खाऊने कंटाळा जातो, भीती जात नाही. घाबरलेलं पिल्लू काँग चाटेपर्यंत गप्प असतं आणि संपला की मान वर करून बघतं आणि मग सुरू. म्हणून दाराची प्रॅक्टिस काही वेळा खाऊशिवायच करा, म्हणजे खरं कळतं.

पंखा, आकाशवाणी, टीव्ही वगैरे आवाज चालू ठेवला तर जिन्यातली खडखड कमी ऐकू येते. पण तो आवाज तुम्ही घरी असतानाही असू द्या, नाहीतर रेडिओ लागला की आई चालली एवढंच तो शिकेल.

जायच्या आधीचा तास

फिरवून आणा, पण दमवून पाडायच्या नादात चेंडू फेकत बसू नका, धावून आलेलं पिल्लू उलट तासभर तारेत असतं. हळू चालू द्या, हुंगू द्या, प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप, त्याने डोकं दमतं. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोदाकाठ सकाळी लवकर बरा, पण लसी पूर्ण व्हायच्या आधी जमिनीवर सोडू नका. पार्वो या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात आणि आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये तो असतोच. लसींचा कोर्स सहा-आठ आठवड्यांपासून साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो, तोवर कडेवर घेऊन खाली जा, रिक्षा, कुकरची शिटी, भंगारवाल्याची हाक, सगळं उचलून घेऊन ऐकवा.

परत आल्यावर शू, जेवण, आणि मग पंधरा-वीस मिनिटं घरात काहीच घडू नये. तो पेंगायला लागला की निघा. निघताना मिठ्या मारून डोळे भरून निरोप नको, तसंच लपूनछपून सटकणंही नको, मागे वळून बघितलं तर माणूस गायब, हे जास्त वाईट. "येते रे" म्हणायचं आणि जायचं. आल्यावर तो उड्या मारतो तेव्हा पाच मिनिटं त्याच्याकडे बघू नका असं जुने ट्रेनर सांगतात, मला ते पटत नाही. खाली बसा, शांतपणे हात फिरवा, लगेच शूला न्या.

आणि आल्यावर सोफा फाटलेला दिसला तर? गप्प झाडू घ्या. "बघा ना कसा कान पाडून बसलाय, त्याला कळतं चुकलंय" असं आपण म्हणतो, पण न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असं दिसलं की तो अपराधी चेहरा कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही यावर ठरत नाही, मालक रागावतोय का यावर ठरतो. म्हणजे काहीही न केलेली कुत्रीसुद्धा ओरडल्यावर तसाच चेहरा करतात. तुम्ही आल्यावर मार पडतो एवढंच त्याला कळणार, आणि मग तुमचं जाणंही भीतीचं आणि येणंही. शू पुसताना अमोनियावाला क्लीनर नको, त्याचा वास शूसारखाच वाटून तो तिथेच परत करतो, एन्झाइमचा क्लीनर मिळतो तो वापरा.

शेजारी

ट्रेनिंग सुरू करायच्या आधीच वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरात जाऊन सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज नको, प्रत्यक्ष जा, पोरांना घेऊन. "काकू, पिल्लू आणलंय, एकटं राहायला शिकवतोय, रडला तर मला लगेच फोन करा, रागावू नका." निम्मी भांडणं इथेच मिटतात, आणि काकू तुम्हाला कुठला आवाज किती वाजता आला त्याचा कॅमेऱ्यापेक्षा चोख रिपोर्ट देतात.

नियमाचं विचाराल तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, आणि भुंकतो एवढ्यावरून तर नाहीच. पण त्याच सूचनांत मालकांनी कुत्रा शांत राहील यासाठी प्रयत्न करावेत असंही आहे. कमिटीसमोर पहिलं वाक्य वाचून दाखवताना दुसरं गिळू नका.

भुंकणं बंद करायचा शॉकवाला किंवा स्प्रेवाला पट्टा कोणी सुचवला तर हात जोडा. घाबरलेल्या जीवाला वरून झटका, त्याने आवाज बंद होईल, भीती नाही.

नाशिकचं ऊन, ढोल आणि सिंहस्थ

थंड हवेचं नाशिक म्हणतात ते आता सकाळपुरतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि नेमकी तेव्हा लाईट जाते. कुत्र्याला घाम आपल्यासारखा येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्यांना तेही धड जमत नाही. म्हणून एकटं ठेवायची खोली पूर्वेची किंवा मधली, फरशीवर मोकळी जागा, पाण्याची दोन भांडी, पडदे ओढलेले, आणि एसी किंवा कूलर चालू आहे या भरवशावर बंद खोलीत कोंडणं नको. लाईट गेली तर शेजारच्या घरी चावी असलेलं कुणीतरी हवंच.

गणपती विसर्जन, लग्नसराईतला डीजे, दिवाळी, रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडींच्या (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदांच्या) आजूबाजूचा गलका, आणि नाशिक ढोलाची तालीम तर महिनाभर आधीपासून. या दिवसांत नवीन काही शिकवू नका आणि शक्यतो एकटंही सोडू नका, एकटेपणा आणि फटाका एकाच दिवशी आला की पिल्लू दोन्ही एकत्र लक्षात ठेवतं आणि पुढे साध्या मंगळवारी पण घाबरतं. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी, रामकुंड, जुन्या शहरात राहणाऱ्यांनी अजून एक धरून चाला, पर्वणीच्या आसपास रस्ते बंद असतात, दोन तासांत येते म्हणून गेलात तर पाच लागू शकतात. नदीच्या त्याच काठावर राहणारा, चावी असलेला माणूस तेव्हासाठी आत्तापासून ओळखीचा करून ठेवा, आणि पिल्लाच्याही ओळखीचा.

नाहीच जमलं तर

कित्येक आठवडे नीट करूनही दहा-पंधरा सेकंदांच्या पुढे गाडी जात नाही, लाळेने अंथरूण ओलं होतंय, नखं तुटून रक्त येतंय, तर हे तुमचं अपयश नाही आणि त्याचा माजही नाही, डॉक्टरांकडे जायची वेळ आहे. जाताना व्हिडिओ घेऊन जा, डॉक्टरांसमोर सगळी कुत्री गरीब असतात. फ्लुओक्सेटीन, क्लोमिप्रामीन अशी औषधं कुत्र्यांच्या या त्रासासाठी वापरली जातात, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि ट्रेनिंग सोबत चालूच ठेवायचं असतं. कुठलं औषध, किती, हे डॉक्टरच ठरवणार. घरातल्या माणसांच्या झोपेच्या किंवा टेन्शनच्या गोळीचा अर्धा तुकडा कधीच नाही. आणि नुसतं गुंगी आणून पाडून ठेवणारं औषध म्हणजे इलाज नव्हे, तो आतून तेवढाच घाबरलेला असू शकतो, फक्त हलत नाही.

सोबतीला दुसरं पिल्लू आणा, हा सल्लाही येतोच. कधी लागू पडतो, बऱ्याचदा नाही, कारण त्याला माणूस हवा असतो. मग एकाऐवजी दोन रडतात. दुसरा कुत्रा आणायचा तर तो तुम्हालाच खरंच हवाय म्हणून आणा.

शिकलेलं पिल्लू मध्येच बिघडू शकतं हे पण माहीत असू द्या. दिवाळीची पंधरा दिवस सुट्टी, घर बदललं, सिडकोतून पाथर्डी फाट्याला नव्या फ्लॅटमध्ये आलात, आजारी पडला, आजी गावी गेल्या, की तीन तास शांत राहणारा अचानक वीस मिनिटांवर येतो. तेव्हा वही काढायची आणि वीस मिनिटं आरामात जमत असतील तर दहापासून परत चालू करायचं. दुसऱ्या वेळी बहुतेक लवकर जमतं. नव्या घरात मात्र पहिल्या दिवसापासून, सामान लावून व्हायच्या आधीच, तेच जुनं न धुतलेलं अंथरूण टाकून एक कोपरा त्याचा करून द्या आणि सेफ्टी डोअरपासून सुरू करा.